सहावी पुणे डिव्हिजन : बांधणी, मोहीम आणि बंदिवास

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून जहाजांचा मोठा तांडा बाहेर पडला. त्यात पूर्व आफ्रिकेच्या स्वारीवर निघालेली फौज होती आणि त्याच गर्दीत सहाव्या पुणे डिव्हिजनची सोळावी ब्रिगेडही होती. ब्रिगेडचे प्रमुख डिलामेन यांच्याजवळ मोहोरबंद लखोटा होता, तो भर समुद्रात उघडायचा होता. शिपायांना तर कुणी काही सांगण्याचा प्रश्नच नव्हता. आठवड्याभराने जहाजे बहारीनला लागली. ५ नोव्हेंबरला इंग्लंडने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी ही ब्रिगेड शत-अल्-अरबच्या मुखाशी, फाओ येथे उतरली. पुण्याच्या डिव्हिजनची मेसोपोटेमियाची मोहीम अशी सुरू झाली. ती अठरा महिने चालली आणि संपली तेव्हा डिव्हिजनच उरली नव्हती.

देवनारच्या स्मरणिकेत पुण्याच्या डिव्हिजनचा इतिहास कशाला, असे कुणी विचारील. १९१४ साली देवनार म्हणजे ठाणे जिल्ह्यातल्या साष्टीतले एक खेडे. मुंबई उपनगर जिल्हा झाला १९२० साली, कचऱ्याचा डेपो त्याच्याही नंतरचा आणि कत्तलखाना तर १९७१ चा. पण आजच्या देवनार-गोवंडी-मानखुर्द-चेंबूर पट्ट्यातली माणसे मूळची कुठली ते पाहावे. रत्नागिरी, रायगड, सातारा, कोल्हापूर, नगर. मराठा पलटणींची भरती याच मुलखातून होत असे. ‘आमचे पणजोबा बसऱ्याला गेले होते’ एवढे एकच वाक्य कित्येक घरांत शिल्लक आहे. त्या वाक्यामागे जी फौज उभी आहे तिची ही हकिकत.

पुणे डिव्हिजन १९०३ साली लॉर्ड किचनेर यांनी केलेल्या फेररचनेत जन्माला आली. त्याआधी मुंबई, मद्रास आणि बंगाल अशा तीन इलाख्यांच्या फौजा वेगवेगळ्या होत्या आणि त्यांचे पलटणींचे आकडेही वेगवेगळे. किचनेर यांनी सगळ्यांना एका माळेत ओवले. मुंबईच्या पलटणींच्या जुन्या आकड्यांत सरळ शंभर मिळवले. तिसरी मुंबई लाइट इन्फन्ट्री झाली १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री, दहावी झाली ११०वी, सतरावी झाली ११७वी मराठा.  यांपैकी १०३वी पलटण तर १७६८ सालापासूनची, म्हणजे पेशवाई नांदत असतानाच कंपनी सरकारने उभी केलेली. मराठ्यांचे राज्य बुडवणाऱ्या फौजेत मराठे होते हे आपल्याला आवडो न आवडो, पलटणींच्या वंशावळीत ते लिहून ठेवलेले आहे.

डिव्हिजनचे मुख्यालय पुण्याला. तिच्यात तीन पायदळ ब्रिगेडी : सोळावी पुण्याची, सतरावी अहमदनगरची, अठरावी बेळगावची. प्रत्येक ब्रिगेडमध्ये चार पलटणी, एक गोरी आणि तीन हिंदी. १८५७ नंतर काळ्या पलटणी एकट्या सोडायच्या नाहीत हा जो धडा सरकारने घेतला होता, त्याचा हा हिशेब. सोळाव्या ब्रिगेडमध्ये दुसरी डॉर्सेट, विसावी पंजाबी, १०४वी वेलस्ली रायफल्स आणि ११७वी मराठा. सतराव्यात पहिली ऑक्सफर्ड-बकिंगहॅमशायर, बाविसावी पंजाबी, ११९वी आणि १०३वी मराठा. अठराव्यात दुसरी नॉरफोक, सातवी रजपूत, १२०वी राजपुताना आणि ११०वी मराठा. प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक मराठा पलटण होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. डिव्हिजनचे नशीब जिथे जिथे गेले तिथे तिथे मराठा शिपाई गेला, कारण त्याच्याशिवाय एकही ब्रिगेड हलत नव्हती. या पलटणींत कोकणातले आणि देशावरचे मराठे होते, सोबत काही दख्खनी मुसलमानही. तुर्कांच्या, म्हणजे खलिफाच्या, फौजेवर गोळी झाडायची वेळ पुढे त्यांच्यावर आली.

हिंदी पलटणीत साडेसातशेच्या आसपास माणसे आणि वर बारा-तेरा गोरे अधिकारी. त्यांच्या खाली सुभेदार-मेजर, सुभेदार, जमादार, मग हवालदार, नाईक, लान्सनाईक, शिपाई. खरी पलटण चालवायचे ते सुभेदार आणि हवालदार. गोरा साहेब पडला की, आणि तो लढाईत लवकर पडे, पलटण सुभेदाराच्या आवाजावर चाले. शिपायाचा पगार महिना अकरा रुपये, तोही १९११ मध्ये नवाचा अकरा झालेला. शांततेच्या काळात त्याच पगारातून स्वतःचे पोट भरायचे आणि उरले ते घरी मनिऑर्डरने पाठवायचे. मोहिमेवर शिधा सरकारचा, एवढाच फरक. पलटणीमागे दोन मशीनगन. त्याशिवाय डिव्हिजनच्या दिमतीला तोफखान्याच्या बॅटऱ्या, रिसाला, अठ्ठेचाळिसावी पायोनियर पलटण, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या, सिग्नल कंपनी, जखमींसाठी फील्ड ॲम्ब्युलन्स, आणि या सगळ्यामागे खेचरांचे तांडे, भिस्ती, धोबी, मेहतर, डोलीवाले, स्वयंपाकी. या मागच्या लोकांना कागदोपत्री ‘फॉलोअर’ म्हणत. लढाईच्या वर्णनांत ते कधी येत नाहीत. मरणाऱ्यांच्या आकड्यांत मात्र येतात.

ही सगळी मांडणी कशासाठी होती, हा या इतिहासातला कळीचा प्रश्न. किचनेर यांच्या डोळ्यांसमोर वायव्य सरहद्द होती. रशिया अफगाणिस्तानातून उतरेल, तेव्हा रेल्वेने फौज सरहद्दीपर्यंत न्यायची आणि पुढे डोंगरातून खेचरांवर सामान चढवायचे. हलक्या डोंगरी तोफा, हलक्या दोनचाकी गाड्या, थोडी औषधे. मागे सारा हिंदुस्थान गोदामासारखा उभा. त्यातही मुंबई इलाख्याच्या पलटणी दुय्यम मानल्या जात. लढवय्या जातींचे जे शास्त्र त्या काळी साहेबी वर्तुळात चलनात होते, त्यात पंजाबी, गुरखा, पठाण वर आणि मराठा खाली. महारांची भरती तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच बंद झाली होती. अशी डोंगरासाठी बांधलेली, आणि डोंगरातही दुसऱ्या रांगेत बसवलेली डिव्हिजन पाठवली कुठे, तर जिथे रस्ता नाही, रेल्वे नाही, दगड नाही, फक्त चिखल आणि नदी आहे अशा मुलखात. मेसोपोटेमियात जो काही प्रवास करायचा तो तैग्रिस आणि फुरात यांच्यावरून, बोटीने. आणि पुणे डिव्हिजनकडे बोटी नव्हत्या. पुढचे सगळे यातून आले, असे माझे मत आहे. डिव्हिजनचे पुढचे प्रमुख टाउनशेंड चुकले, मोहिमेचे सरसेनापती निक्सन हट्टाला पेटले हे खरेच. पण बोटीवाचून त्या नदीवर उतरलेल्या फौजेला चुकायला फारशी जागाच नव्हती.

सुरुवातीला मात्र यश येत गेले. डिव्हिजनचे प्रमुख लेफ्टनंट-जनरल सर आर्थर बॅरेट उरलेली फौज घेऊन आले, २२ नोव्हेंबरला बसरा हाती लागले, ९ डिसेंबरला कुर्ना. तेलाच्या नळांचे रक्षण हे जे मूळ काम होते ते झाले होते. १२ ते १४ एप्रिल १९१५ च्या शैबाच्या लढाईत तुर्कांनी बसरा परत घ्यायचा नेटाने प्रयत्न केला. तीन दिवसांच्या लढाईनंतर तुर्कांची फळी मोडली आणि त्यांचे सेनापती सुलेमान अस्करी यांनी स्वतःला गोळी घालून घेतली. शैबा हे नाव आजही मराठा पलटणींच्या युद्धसन्मानांत आहे.

बॅरेट आजारी पडून गेले आणि एप्रिलमध्ये मेजर-जनरल चार्ल्स टाउनशेंड आले. चित्रालच्या वेढ्यात नाव कमावलेला, बोलका, नेपोलियनचा भक्त असलेला हा माणूस. त्यांनी पहिला पराक्रम केला तो पाण्यावर. कुर्नाच्या उत्तरेला सगळा मुलूख पुराखाली होता. तुर्क पाण्यातून वर आलेल्या टेकाडांवर ठाण मांडून बसलेले. टाउनशेंड यांनी शेकडो बेलम जमवले. बेलम म्हणजे तिकडची लांबट, सपाट बुडाची होडी, बांबूने रेटायची, एकीत दहाएक माणसे. काहींना पुढे लोखंडी पत्र्याची ढाल बांधली. शिपायांना आठवडे-आठवडे बांबू मारायला शिकवले. कोकणातल्या खाडीकाठच्या गड्याला त्यात फारसे नवल नव्हते, पण माण-खटावच्या शिपायाने एवढे पाणी एका जागी पाहिले असेल ते पहिल्यांदाच. ३१ मे १९१५ रोजी सतरावी ब्रिगेड बोरूच्या झाडीतून असल्या होड्यांनी पुढे सरकली आणि टेकाडे एकामागून एक पडली. इंग्रजांनी या लढाईला थट्टेने ‘टाउनशेंडची नौकाशर्यत’ म्हटले. ३ जूनला अमारा शहर जेमतेम शंभरभर माणसांनिशी पुढे धावलेल्या टाउनशेंड यांच्या स्वाधीन झाले. तिथे तुर्कांची संख्या कितीतरी जास्त होती.

हे यश फार महागात पडले. अमारा मिळाले, तर कुत का नको? कुत मिळाले, तर बगदाद का नको? निक्सन यांना पुढे जायचे होते, सिमल्याला यशाची तहान होती, आणि गॅलिपोलीत हात पोळलेल्या लंडनला कुठून तरी चांगली बातमी हवी होती. २८ सप्टेंबर १९१५ रोजी डिव्हिजनने कुतजवळची तुर्कांची फळी फोडून कुत घेतले. आता बसरा नदीमार्गाने साडेचारशे किलोमीटरहून अधिक मागे राहिले होते. एवढ्या अंतरावरून दाणागोटा, दारूगोळा आणि कडबा आणायचा तो उथळ नदीत गाळात रुतणाऱ्या मूठभर आगबोटींनी आणि महैला नावाच्या शिडाच्या गलबतांनी. आणखी बोटी हव्यात म्हणून वरचेवर तारा गेल्या. हिंदुस्थान सरकारच्या खजिनदारांना त्या बोटी महाग वाटल्या. पुढे चौकशीत या तारा बाहेर आल्या, तेव्हा त्या वाचणाऱ्यांची मान खाली गेली.

२२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफोन. बगदाद तिथून अवघ्या एका दिवसाच्या मजलीवर. सासानी बादशहांच्या राजवाड्याची प्रचंड कमान अजून उभी आहे, तिच्या छायेत तुर्कांचे खंदक होते. पहिल्या दिवशी डिव्हिजनने पहिली फळी घेतली. पण तुर्कांकडे ताज्या दमाची डिव्हिजन राखीव होती आणि इकडे राखीव कुणीच नव्हते. साडेचार हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. लढणाऱ्या पायदळातला निम्म्याच्या आसपास भाग एका लढाईत खर्ची पडला. मेलेल्यांपेक्षा जखमींचे हाल जास्त झाले. मेसोपोटेमियाला येताना ॲम्ब्युलन्स गाड्या फारशा आल्याच नव्हत्या. जखमींना नदीकाठापर्यंत न्यायला होत्या त्या ए. टी. कार्ट. दोन चाकांची, दोन खेचरांची, सामान वाहायची ही गाडी. डोंगरी पायवाटेसाठी केलेली, म्हणून तिला स्प्रिंग नाही. मांडीचे हाड मोडलेला माणूस अशा गाडीत घालून खाचखळग्यांच्या माळावरून कित्येक मैल न्यायचा. नदीवर पोहोचल्यावर बोटीच्या डेकवर दाटीवाटीने टाकायचा, आणि बसऱ्यापर्यंतचा प्रवास आठवड्याहून लांब. ‘मेजिदिया’ नावाची अशी एक बोट बसऱ्याला लागली, तेव्हा मेजर कार्टर या इस्पितळी जहाजावरच्या डॉक्टरने तिची जी स्थिती पाहिली ती स्पष्ट शब्दांत वर कळवली. बक्षीस म्हणून त्याला दमदाटी मिळाली. त्याचा अहवाल पुढे पार्लमेंटपर्यंत पोहोचला हे त्याचे आणि आपलेही नशीब.

बसऱ्याहून जे मुंबईला पोहोचले त्यांच्यातल्या पुष्कळांवर आपल्या ओळखीच्या वास्तूत उपचार झाले. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, इमारत नुकतीच उभी राहिली होती. तिथे वस्तूंऐवजी खाटा आल्या आणि लेडी हार्डिंग युद्ध रुग्णालय सुरू झाले. संग्रहालय म्हणून ती वास्तू लोकांना खुली व्हायला १९२२ साल उजाडले. शाळेची सहल घेऊन तिथे जाणाऱ्या गुरुजींनी मुलांना हेही सांगायला हरकत नाही.

डिव्हिजन माघारी वळली आणि ३ डिसेंबरला कुतमध्ये शिरली. तैग्रिसच्या वेटाळ्यात तीन बाजूंनी पाणी असलेले गाव. इथे थांबून कुमक येईपर्यंत तग धरायचा असे टाउनशेंड यांनी ठरवले. दमलेल्या फौजेला त्याहून पुढे रेटणे कठीण होते हे मान्य केले, तरी एकदा आत बसल्यावर बाहेर पडायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, हा आरोप त्यांच्यावर कायम राहिला आणि तो रास्त आहे. वेढा आवळला. आत दहा-अकरा हजार लढणारे, तीनेक हजार फॉलोअर आणि गावातले सहाएक हजार अरब. ११०वी मराठा आणि १२०वी राजपुताना पलटण नदीच्या पलीकडे, लोकर दाबायच्या कारखान्याच्या वस्तीत, मुख्य गावापासून तुटून बसलेली. ईशान्येच्या कोपऱ्यात मातीच्या भिंतींचा जुना किल्ला होता, तो सतराव्या ब्रिगेडकडे. २४ डिसेंबरला तुर्कांनी तोफांनी त्याची भिंत पाडली आणि भगदाडातून आत घुसले. ऑक्सफर्डचे गोरे, १०३वीचे मराठे आणि ११९वीचे शिपाई त्या भगदाडात खांद्याला खांदा लावून लढले आणि किल्ला राखला. त्यानंतर तुर्कांनी हल्ल्याचा नाद सोडला. उपासमार आपले काम करील, हे त्यांनी ओळखले.

उपासमारीने ते केले. प्रश्न निव्वळ धान्याचा नव्हता. पुढे गावात दडवलेले बरेच जव सापडले. पण दळायचे कसे? जाती हवीत म्हणून निरोप गेला आणि विमानांनी जात्याच्या तळ्या आणून टाकल्या. आकाशातून जाते पडण्याची ही गोष्ट कुतबाहेर कुठे घडली असेल असे वाटत नाही. घोडे आणि खेचरे मारून गोऱ्या पलटणी खाऊ लागल्या. हिंदी शिपायांनी नकार दिला. इंग्रज लेखकांनी यावर फार लिहिले आहे, आणि त्यात रागाचा सूर आहे : हे लोक वेळीच घोड्याचे मांस खाते तर धान्य पुरले असते, वेढा लांबवता आला असता. हा राग मला एकतर्फी वाटतो. शिपायाला भीती देवाची नव्हती, गावाची होती. परत गेल्यावर भाऊबंद पंगतीला घेतील का, पोरीचे लग्न जमेल का, हा त्याचा प्रश्न होता आणि त्या काळात तो खोटा नव्हता. बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मागवण्यात आली, तीही आली. तरी तारेवरच्या धर्माज्ञेवर विसंबून जात पणाला लावायला माणूस सहजी तयार होत नाही. एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांनी नाइलाजाने खाल्ले, तोवर अंगात काही उरले नव्हते. भाजीपाला नाही म्हणून स्कर्व्ही पसरली. शिपाई माळावरचा रानपाला खुडून शिजवू लागले. त्यात विषारी काही आले आणि दुखण्याची नवी लाट आली. सतराव्या ब्रिगेडचे प्रमुख होटन हेच एप्रिलमध्ये त्या पाल्याने दगावले. ब्रिगेडियरच्या ताटात रानपाला होता, मग शिपायाच्या ताटात काय असेल?

बाहेरून सुटकेचे प्रयत्न एकामागून एक झाले. शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नैयात. त्या पाच नावांत सुमारे तेवीस हजार माणसे मेली वा जखमी झाली, म्हणजे आत अडकलेल्यांच्या दीडपटीहून अधिक. कुतमधल्या नॉरफोक आणि डॉर्सेट पलटणींसाठी विलायतेहून आलेली नवी भरती आत पोहोचू शकली नाही, तेव्हा बाहेरच दोघांची मिळून एक पलटण केली आणि तिला ‘नॉरसेट’ असे जोडनाव दिले. शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयोग झाला. विमानातून वेढलेल्या फौजेला रसद पुरवायचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. रोजची गरज सव्वादोन टनांची, आणि पंधरा दिवसांत पडले सारे मिळून सात-आठ टन. काही पोती तर नदीत किंवा तुर्कांच्या खंदकात गेली. २४ एप्रिलला ‘जुलनार’ ही आगबोट अडीचशेहून अधिक टन धान्य भरून रात्री घुसवण्यात आली. कुत जवळ आले असताना तुर्कांनी नदीत आडवी टाकलेली तार तिला अडकली आणि बोट तुर्कांच्या हाती गेली. हिंदी शिपायाला त्या वेळी दिवसाला चार औंस पीठ मिळत होते. आपल्या घरच्या दोन भाकऱ्यांचे पीठ याहून जास्त भरते.

पैसे देऊन सुटका करून घ्यायचाही प्रयत्न झाला. आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख. बोलणी करायला गेलेल्यांत ऑब्रे हर्बर्ट होते आणि पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्सही. तुर्कांनी पैसे नाकारले. त्यांना पैशांपेक्षा इंग्रजांची नाचक्की मोलाची होती. २९ एप्रिल १९१६ रोजी तोफा फोडून, दारूगोळा नदीत लोटून डिव्हिजनने शरणागती पत्करली. मोजदाद अशी झाली : २७७ गोरे अधिकारी, २०४ हिंदी अधिकारी, २,५९२ गोरे सैनिक, ६,९८८ हिंदी सैनिक आणि ३,२४८ फॉलोअर. एकूण १३,३०९. या आकड्यांत मराठी माणसे किती हे वेगळे काढलेले नाही, पण तीन मराठा पलटणी, खडकीचे सॅपर्स आणि खेचरवाल्या-भिस्त्यांतले आपले लोक धरले तर हा आपल्याही घरचा हिशेब ठरतो.

पुढचे सांगताना बहुतेक पुस्तके घाई करतात. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. त्यांचा ‘स्पॉट’ नावाचा कुत्रा तुर्कांनी सन्मानाने बसऱ्याला इंग्रजांकडे पोहोचता केला. शिपायांना मात्र उपाशी, अनवाणी, उन्हातून बगदाद, तिथून मोसुल आणि पुढे रास-अल्-ऐनच्या छावणीपर्यंत हाकण्यात आले. तिथे जर्मन कंपनीच्या बगदाद रेल्वेचे काम चालू होते. गोऱ्या सैनिकांतले दर दहांत सात बंदिवासात मेले. हिंदी सैनिक-फॉलोअर अडीच हजारांहून अधिक मेले. प्रमाण कमी दिसते, पण ते दयेमुळे नव्हे. उष्मा आणि उपास यांची सवय हीच त्यांची काय ती ढाल. मराठी शिपायाचे शिक्षण तेव्हा बेताचे, म्हणून त्याच्या हातचे लिखाण विरळ. वाचायला मिळते ते बंगाल ॲम्ब्युलन्स कोरमधल्या शिशिर सर्वाधिकारी यांचे बंगाली पुस्तक. रास-अल्-ऐनच्या छावणीतले हिंदी कैदी जवळून पाहायचे असतील तर ते वाचावे.

डिव्हिजन पुन्हा उभी केली गेली नाही. पण तिच्या नाशाने राज्यकारभार हलला. लंडनने मेसोपोटेमियाची सूत्रे हिंदुस्थान सरकारकडून काढून घेतली, चौकशी आयोग नेमला आणि १९१७ च्या मध्याला त्याचा अहवाल आला. बोटी, गाड्या, औषधे यांच्या कंजुषीवर त्यात कडक ताशेरे होते. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले एडविन मॉन्टेग्यू आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. होमरूलच्या चळवळीचा त्यात मोठा वाटा, हे वादातीत. तरी त्या खुर्चीवर माणूस बदलला तो कुतमुळे, हे टिळकांच्या चरित्रांत क्वचितच येते.

पलटणी मात्र मेल्या नाहीत. सुट्टीवरचे, बरे झालेले आणि नवे रंगरूट घेऊन तिन्ही मराठा पलटणी पुन्हा उभ्या राहिल्या. मराठ्यांविषयीचे साहेबांचे मत बदलले ते याच मोहिमेने. ११७वीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला आणि ‘डिफेन्स ऑफ कुत-अल्-अमारा’ हा युद्धसन्मानही. हरलेल्या वेढ्याचा सन्मान मिळणे तसे विरळच. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी पुण्यात प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते मराठा युद्धस्मारकाची कोनशिला बसली.  गावोगावी सरकारने संगमरवरी पाट्या लावल्या : या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परतले नाहीत. साताऱ्याच्या अपशिंग्यात न परतलेल्यांचा आकडा ४६ आहे. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक जणांची नोंद आहे, पण तिथे गोऱ्यांची नावे कोरली आणि हिंदी शिपायांचे बहुतांशी पलटणवार नुसते आकडे. ही पंगतीतली पंगत दगडावरही सुटली नाही.

ज्यांच्या घरी जुना बिल्ला, पेन्शनचे पुस्तक किंवा पदक असेल त्यांनी त्यावरचा आकडा नीट पाहावा. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. १९२२ च्या फेररचनेत १०३वी झाली पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, तीच आजची १ मराठा लाइट इन्फन्ट्री, ‘जंगी पलटण’. ११०वी झाली तिसरी बटालियन, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास छत्रीधारी होऊन आजची २ पॅरा. ११७वी ती ५ मराठा. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे आणि नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे; म्हणजे दोघेही कुतमध्ये शरण गेलेल्या पलटणींचे वारस. रेजिमेंटचे केंद्र बेळगावला आहे. आकडा आणि गावाचे नाव हाती असले तर शोध तिथून सुरू करता येतो, आणि कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाच्या याद्यांत आता बऱ्याच हिंदी शिपायांची नावे बापाच्या नावासह आणि गावासह सापडतात. स्पेलिंग साहेबी असते, तेव्हा जाधवांनी ‘जाधो’ आणि मोऱ्यांनी ‘मोरी’ही शोधून पाहावे.